कॅप्टनचं दुसरं मरण

याकोव्ह व्हिटालिच दुसऱ्यांदा वारला तेव्हा तो धक्क्यामागच्या अंगणात उन्हाला बसून फाटकं जाळं सांधत होता. पहिल्यांदा तो वारला होता तो मात्र भर समुद्रात, ब्रिटिश आरमाराच्या गणवेशात, सगळ्या खलाशांना होड्यांत बसवून स्वतः बुडत्या जहाजावर ताठ उभा राहून. त्या मरणाला त्याची हजेरी नव्हती. त्या वेळी तो अमेरिकेतल्या सान पेद्रो बंदरातल्या आपल्या स्वयंपाकघरात कांद्याबरोबर तारली खात होता, आणि थोरली मुलगी लुसिया सिनेमाच्या मासिकातून त्याला त्याच्याच मरणाची हकिकत वाचून दाखवत होती.

"छान मेलो की," तो म्हणाला होता. "जहाज कुणाचं होतं म्हणे?"

"इंग्लंडच्या राजाचं."

"मग बुडू दे."

हे मरण धाकट्या मुलीच्या, पेरिनाच्या, सिनेमा स्टुडिओने घडवून आणलं होतं. तारली महोत्सवातली सुंदरी म्हणून डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून फिरणारी सतरा वर्षांची पोर स्टुडिओने उचलली आणि तिची आडेल विंथ्रॉप केली. आधी दात बदलले, मग भुवया, मग केसांची रेषा बोटभर मागे सरकवली, मग बोलणं बदललं. सगळं झाल्यावर लक्षात आलं की बाप तेवढा जुनाच राहिलाय. उमरावांच्या बायकांची कामं करणाऱ्या नटीच्या बापाला माशांचा वास येऊन चालणार नव्हतं. तेव्हा त्याला १९१८ साली बुडवला. आईला वेगळं मारावं लागलं नाही, ती कॅप्टनच्या विरहाने आपोआप गेली. लुसिया आणि दिंको या भावंडांना तर मरायचीही तसदी पडली नाही, कारण ती जन्मालाच आली नव्हती.

पुढे पेरिनाचं वय वाढायला लागलं तसं स्टुडिओने ते कमी करायला घेतलं. करता करता तिचा जन्म १९२० वर येऊन ठेपला. अठरा साली बुडालेल्या बापाला वीस साली मुलगी झाली, याचं साऱ्या अमेरिकेत कुणालाच काही वाटलं नाही. फक्त याकोव्हला वाटलं. "म्हणजे मेल्यावरही मी घरी येत होतो म्हणायचं," तो टोंकाला, आपल्या बायकोला, म्हणाला होता. तिने हातातला टॉवेल त्याच्या पाठीत हाणला होता.

लेकीचा प्रत्येक सिनेमा तो पुढच्या रांगेत बसून बघे. पडद्यावर ती मेली की उठून बाहेर जाई. "फिट्टंफाट झाली," एवढंच म्हणे.

आता तो पुढच्या खोलीत, लग्नातल्या कोटात, शवपेटीत झोपला होता. दफन अकरा वाजता होतं. आणि घरात मेलेल्या माणसाबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

"ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही," दिंको म्हणाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बापामागे बोटीचा मालक. तो दारात असा उभा होता, जणू बहीण लाटेसारखी येऊन आदळणार होती.

"का रे?" फ्रांकाआत्या म्हणाली. ती याकोव्हची बहीण. तिने सकाळपासून तिसऱ्यांदा केस विंचरले होते. "बोटीला नाव तिचं, बोट घेतली तिच्या पैशांनी, आणि दार मात्र तुझं?"

"बोट बाबांसाठी घेतली होती."

"मेलेल्या कॅप्टनसाठी?"

"आत्या, तू सगळ्या गल्लीला सांगून आली आहेस. मला कळलंय. आडेल विंथ्रॉप येणार म्हणून. पलीकडची ती केस कुरळे करून आली आहे अंत्यविधीला!"

"माणसं चांगली दिसली तर मयताचा अपमान होतो का?"

लुसिया स्वयंपाकघरात मासळी भरलेली जाड पोळी कापत होती. कारखान्यात तारल्या डब्यात रचणाऱ्या बायकांवर ती मुकादम होती, त्यामुळे गोंगाटात काम करायची तिला सवय होती. तिचं बहिणीबद्दलचं मत एका वाक्यात बसणारं नव्हतं. पेरिना दर रविवारी फोन करायची. नाताळात अंधार पडल्यावर मागच्या दाराने यायची, डोक्याला रुमाल बांधून, आणि बापाच्या पायाशी बसून अक्रोड फोडायची. चोर असती तर शेजाऱ्यांनी तिला ओळखलं तरी असतं. लुसियाला हे सगळं चाललं होतं. पण बाप गेल्याचं फोनवर सांगितल्यावर पलीकडून पहिलं वाक्य आलं ते असं: "मी त्यांना विचारते." त्यांना म्हणजे स्टुडिओला. हे वाक्य दोन दिवस लुसियाला माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

"आई, तू काय म्हणतेस?" तिने विचारलं.

टोंका खिडकीशी बसली होती. काळे कपडे, मांडीवर हात. ओठ हलत होते, म्हणजे जपमाळ चालू असावी, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"येईल," ती म्हणाली, आणि ओठ पुन्हा हलायला लागले.

पेरिनाच्या आधी तिचा हार आला. दोन माणसांना उचलावा लागणारा, पांढऱ्या फुलांचा. त्याच्या मागून आले मिस्टर फेल्प्स, स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचे. करड्या सुटातला, मऊ आवाजाचा, डोळ्यांत कायम थोडं पाणी असलेला माणूस. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, आत्याचा हात जरा जास्त वेळ धरला, आणि शवपेटीपाशी जाऊन टोपी छातीशी धरली.

"हे उंच होते," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?" लुसियाने विचारलं. इंग्रजी तिचंच बरं होतं.

"मी यांना थोडं बुटकं लिहिलं होतं. कॅप्टन विंथ्रॉप माझेच. अठरा वर्षांत इतकं चांगलं काही पुन्हा जमलं नाही." त्यांना खरंच भरून आलं होतं. "आता एक छोटीशी अडचण आहे, मिस व्हिटालिच."

अडचण अशी होती की मिस विंथ्रॉपचे वडील एकदा गेलेले असल्यामुळे त्या पुन्हा त्यांच्या अंत्यविधीला येऊ शकत नव्हत्या. पण मिस्टर फेल्प्सनी रात्रभर विचार करून वाट काढली होती. पुढच्या सिनेमात मिस विंथ्रॉप एका कोळ्याच्या मुलीचं काम करणार होत्या.

"कुणाच्या?" दिंको गुरगुरला.

"कोळ्याच्या. स्टुडिओचे थोरले साहेब म्हणतात, उमरावीणबाई लोकांना आता पुऱ्या झाल्या. तर मिस विंथ्रॉप भूमिकेचा अभ्यास करत आहेत. बंदरातले एक वृद्ध कोळी वारल्याचं त्यांच्या कानावर येतं. त्या हळव्या मनाने श्रद्धांजली वाहायला येतात. साधी माणसं, खरं दुःख, एक फोटोग्राफर. एकच! चर्चबाहेर दोन वार्ताहर. मिस विंथ्रॉपना बापाला निरोप देता येईल, आणि कुणाचं काही बिघडणारही नाही."

लुसियाने हे आपल्या बोलीत सगळ्यांना सांगितलं. सांगताना तिने काही कमी-जास्त केलं नाही, त्याची गरजच नव्हती.

दिंको हसला. तसं हसणं ऐकून बोटीवरची माणसं सहसा कामाला लागत.

"म्हणजे ती बाबांवर अभ्यास करायला येणार."

"अरे, येतेय ना!" आत्या म्हणाली. "कशी का येईना. तुला काय, प्रमाणपत्र हवंय?"

"आणि आपण कोण? साधी माणसं?"

"नाही तर काय, तू उमराव आहेस?"

"आपल्याला फक्त एवढंच करायचंय," फेल्प्स आर्जवाने म्हणाले, "की मिसेस व्हिटालिच यांनी पाहुणीशी हात मिळवायचा. मिठी नको. मिठी मारली की लोक विचारतात."

"चालता हो," दिंको म्हणाला. हे मात्र इंग्रजीत.

लुसियाने भावाच्या दंडाला धरलं. तिच्या मनात तेच होतं, पण तिने शवपेटीकडे बघितलं आणि तिला वाटलं, बाबा असता तर त्याने या फेल्प्सला बसवून घेतलं असतं, वाइन पाजली असती आणि आपण बुडताना नेमकं काय म्हणालो ते विचारलं असतं.

"येऊ दे तिला," ती म्हणाली. "दारावरच कळेल कोण आली आहे ते. आपली असेल तर घेऊ. त्यांची असेल तर हात मिळवू आणि पाठवून देऊ."

"मी हात मिळवणार नाही."

"तुला कुणी सांगितलंय? तू जन्मालाच आलेला नाहीस."

दिंको दारातून बाजूला झाला. पूर्ण नाही, अर्धा.

पाऊण तासाने लांबलचक काळी गाडी गल्लीत शिरली. गल्लीतल्या खिडक्या एकाच वेळी उघडल्या. पेरिना उतरली ती अशी उतरली, की पलीकडची कुरळ्या केसांची बाई नकळत उभी राहिली. अंगावर काळा पोशाख, तोही स्टुडिओच्या शिंप्याने दुःखाच्या मापाने बेतलेला. चेहऱ्यावर झिरझिरीत जाळी, एवढीच की खाली चेहरा आहे हे कळावं आणि तो चांगला आहे हेही कळावं. फोटोग्राफर मागून चालत होता.

लुसिया तिच्या चालण्याकडे बघत होती. ही चाल पेरिनाला डोक्यावर पुस्तकं ठेवून शिकवली होती. दाराशी आली तरी चाल तीच. डोळे कोरडे. दिंकोसमोरून जाताना तिने मान किंचित झुकवली, एखाद्या द्वारपालाला झुकवावी तशी. दिंकोच्या मानेवरची शीर फुगली.

'त्यांचीच आहे,' लुसियाच्या मनात आलं. 'झालं. हात मिळवू आणि पाठवून देऊ.'

पेरिना आईसमोर उभी राहिली. हातमोजा घातलेला हात पुढे केला. हातमोज्याचं बटण लावायचं राहिलं होतं हे फक्त लुसियाने पाहिलं, कारण फोटोग्राफर चेहरा बघत होता.

टोंका खुर्चीतून उठली. तिने तो हात धरला. आणि चाळीस वर्षं या देशात राहून ज्या बाईने किराणावाल्याशीसुद्धा बोटं दाखवून व्यवहार केला, ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली:

"आपण आलात, फार आभारी आहोत, मिस. आपली मोठी कृपा. माझे यजमान फार चांगले होते. आपण त्यांना पाहिलं असतं, तर आपल्यालाही आवडले असते."

फेल्प्सनी डोळे मिटले. इतकं चांगलं त्यांनी स्वतःसुद्धा लिहिलं नसतं.

पेरिना आईकडे बघत राहिली. आधी खालचा ओठ हातचा गेला. मग हनुवटी. स्टुडिओने तिला चेहरा न हलवता रडायला शिकवलं होतं, गालावरून एक थेंब, नाकापासून दूर, दिव्याच्या बाजूने. हे तसलं काही नव्हतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, लहानपणी जिन्यावरून पडल्यावर व्हायचं तसं, आणि गळ्यातून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला.

"बाबा!" ती शवपेटीवर कोसळली. "अरे माझ्या बाबा रे! बुडवला रे मी तुला! माझ्या हातांनी बुडवला! जाळी टाकून बसलेला जिवंत बाप मी पाण्यात लोटला, लहानपणी मला खांद्यावर बसवून धक्क्यावर नेणारा बाप! आता मी कुणाला फोन करू रविवारी?"

हे सगळं याकोव्ह आणि टोंका ज्या बेटावरून आले होते, तिथल्या बोलीत होतं. त्या बेटावर बायका असंच रडतात, मयताशी भांडत, त्याला जाब विचारत. लुसियाने ते शेवटचं आजीच्या वेळी ऐकलं होतं. पेरिना तेव्हा पाच वर्षांची होती. खोलीतल्या म्हाताऱ्या बायकांनी क्षणभर एकमेकींकडे बघितलं, आणि मग एकेकीने तिच्या सुरात सूर मिसळला, जणू तिची वाटच बघत होत्या.

तरीही, हे लुसियाला नंतर कुणालाच सांगता आलं नाही, तिला एक क्षण शंका आली. इतकं चांगलं कुणी रडतं का? मग तिने बहिणीचं नाक बघितलं. नाक वाहत होतं, थेट ओठांवर, महागड्या जाळीवर, आणि पेरिना ते बाहीने पुसत होती. लुसिया पुढे झाली आणि गुडघ्यांवर बसून तिने बहिणीची कंबर धरली.

फटकन उजेड झाला. पुन्हा एकदा झाला. तिसऱ्यांदा व्हायच्या आत दिंकोने फोटोग्राफरला कॅमेऱ्यासकट उचलला आणि पायऱ्यांवर नेऊन ठेवला. मग तो आत आला, बहिणीशेजारी उभा राहिला, आणि त्याचा मोठा पंजा तिच्या डोक्यावर, स्टुडिओने मागे सरकवलेल्या केसांच्या रेषेवर, नीट बसला.

"अप्रतिम," फेल्प्स भिंतीला टेकून पुटपुटत होते. "अप्रतिम."

चर्चच्या दाराशी दोन वार्ताहर ठरल्याप्रमाणे उभे होते. मिस विंथ्रॉपना या कोळ्याबद्दल काय वाटतं, असं एकाने विचारलं. पेरिनाने जाळी वर केली. डोळे सुजले होते, चेहऱ्यावरचा रंग गळ्यापर्यंत ओघळला होता.

"ते माझे वडील होते," ती म्हणाली. इंग्लंडहून आणलेला तो उच्चार न काढता, बंदरावरच्या पोरी बोलतात तशा इंग्रजीत. "माझं नाव पेरिना व्हिटालिच. माझा जन्म इथेच, या गल्लीत झाला. मी छत्तीस वर्षांची आहे. ही माझी आई, ही बहीण, हा भाऊ. लिहून घ्या."

वार्ताहर लिहीत नव्हते, तिच्याकडे बघत होते. लुसियाला वाटलं, आता जग थांबेल. दिंकोने टोपी काढली.

"बघितलंत?" फेल्प्स वार्ताहरांच्या मधोमध येऊन हळू आवाजात म्हणाले. "सकाळपासून असंच चाललंय. त्या भूमिकेतून बाहेरच येत नाहीत. नाव, बोलणं, वयसुद्धा! कुठली नटी भूमिकेसाठी सात वर्षं वाढवून सांगेल?"

हे मात्र दोघांनी भराभर लिहून घेतलं. शेवटचा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला.

"मी खरं सांगतेय," पेरिना म्हणाली.

"अगदी," एक वार्ताहर आदराने म्हणाला. "अंगावर काटा आला, मिस विंथ्रॉप."

याकोव्हला टेकडीवर पुरला. तिथून समुद्र दिसत होता, पण लांबून.

दुपारी सगळे स्वयंपाकघरात परतले. पेरिनाने पोशाख काढून लुसियाचा कारखान्यातला झगा घातला आणि ती ताटं धुवायला उभी राहिली. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबून होती, ड्रायव्हर झोपला होता. आता पक्ष बदलले होते. दिंको बहिणीने धुतलेली ताटं पुसत होता आणि फ्रांकाआत्या फुगून बसली होती.

"मी काय सांगून आले होते सगळ्यांना?" ती म्हणाली. "आडेल विंथ्रॉप येणार. आणि आली कोण? आपली पेरिना. नाक वाहतंय, केस पसरलेत. पलीकडचीने मला विचारलं, ही तुमची नटी कुठाय म्हणून!"

"आत्या, तूच म्हणत होतीस, कशी का येईना."

"म्हणून अशी?"

आत्याने रागाच्या भरात बाहेर जाऊन सायंकाळचं वर्तमानपत्र आणलं आणि टेबलावर आपटलं. पहिल्या पानावर फोटो होता: शवपेटीवर ओणवी पेरिना, तिच्या कंबरेला मिठी घातलेली लुसिया. वर मथळा: 'अनोळखी कोळ्यासाठी तारकेचे अश्रू'. खाली लिहिलं होतं की दुःखात बुडालेल्या एका स्थानिक कामगार स्त्रीला मिस विंथ्रॉप धीर देत आहेत.

"कामगार स्त्री," लुसिया म्हणाली. "निदान जन्माला तरी आले."

फोन वाजला. फेल्प्स होते. त्यांचा आवाज लुसियाला टेबलापर्यंत ऐकू येत होता. थोरले साहेब रडले होते. थोरले साहेब कधी रडत नसत. सिनेमाचं बजेट वाढवलं होतं, बापाच्या मरणाचा एक प्रसंग नव्याने लिहून घ्यायचा ठरलं होतं, आणि मिस विंथ्रॉपना त्या घरात अजून दोन-चार दिवस राहावंसं वाटत असेल तर अवश्य राहावं. भूमिकेला फायदाच होईल.

"फेल्प्स," पेरिना म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ते माझे वडील होते. तुम्हीच तर मारलंत त्यांना."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माहीत आहे, बेटा," फेल्प्स म्हणाले. आवाज अगदी थकलेला होता. "पण आता ते कुणाला सांगून उपयोग नाही. फारच चांगलं झालंय."

तिने फोन ठेवला. सगळे तिच्याकडे बघत होते. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. दिंकोलाही हसू आलं, मग लुसियाला. आत्याने आधी तिघांना वेड्यात काढलं आणि मग तीही हसली, कारण एकटीने फुगून बसायला तिला कधीच जमत नसे. हसता हसता पेरिनाच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं. या वेळी आवाज नव्हता.

टोंका इतका वेळ खिडकीशी बसून होती. ती उठली, सावकाश टेबलाशी आली, आणि मुलीच्या समोर उभी राहिली. तिचा चेहरा काळजीने आक्रसलेला होता.

"पेरिना," ती म्हणाली, "तुला राग आला का माझा?"

"कशाचा, आई?"

"ते इंग्रजी. परवा तो सुटातला माणूस मला गल्लीत गाठून गेला होता. किराणावाल्याच्या सुनेने त्याचं बोलणं मला समजावलं: मिठी मारलीत तर मुलीचं काम जाईल. तुझा बाप गेला तो गेला, म्हटलं, वर पोरीचं कामही जायला नको. म्हणून तिच्याकडूनच ते इंग्रजी लिहून घेतलं आणि दोन दिवस पाठ केलं. सकाळपासून जपमाळेच्या जागी तेच म्हणत होते." ती थांबली. तिने टेबलावरचा पाव उगाच सरळ केला. "पण तू एकदम रडायलाच लागलीस. तेव्हापासून मनात घोळतंय, माझं काही चुकलं का? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला का?"

पेरिनाने आईचे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत घेतले.

"नाही, आई," ती म्हणाली. "एकही चुकला नाही."

"खरंच?"

"खरंच. फार छान म्हटलंस."

टोंकाने सुटकेचा श्वास टाकला आणि मग, दोन दिवसांत पहिल्यांदाच, ती नवऱ्यासाठी रडायला बसली.